व्हायोलिनच्या गजावरून नाच बसवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

संगीतकार बाखच्या दोन व्हायोलिनांच्या डी मायनर कंचेर्टोमधला (एकल वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेतला) संथ भाग आपण नर्तकांसोबत रंगमंचावर केला. प्रयोग रंगला, कौतुकही झालं. पण मला आभार मानायचे आहेत ते तालमींबद्दल.

याच कंचेर्टोवर नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिन यांनी १९४१ साली ‘कंचेर्टो बारोको’ हे बॅले बसवलं. त्यात दोन प्रमुख नर्तकी दोन व्हायोलिनांच्या जोडीने नाचतात. तुम्ही मात्र आम्हा वादकांनाच नर्तकांमध्ये उभं केलंत. नोटेशनचे स्टँड गेले, सगळं पाठ करावं लागलं. तुम्ही आमच्यावर स्टेप्स लादल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. पहिले काही दिवस तुम्ही फक्त आमचे हात बघत बसलात. तारांवर फिरणारा गज कुठे वळतो, लांब स्वर धरताना खांदा कसा खाली येतो, सुरुवातीआधीचा श्वास कोण घेतं, हे सगळं टिपून घेतलंत आणि नाच त्यातून उभा केलात.

या भागाची सुरुवात दुसरं व्हायोलिन करतं, पहिलं नंतर येतं. मग एक जण स्वर धरून ठेवतो, दुसरा त्याच्याखालून सरकतो, आणि धरलेला स्वर बोचायला लागला की हळूच उतरतो. तुमच्या दोन नर्तकी नेमकं तेच करत होत्या: एकीने तोल धरायचा, दुसरीने तिच्या हाताखालून जायचं, मग पहिलीने वजन सोडायचं. इतकी वर्षं हे वाजवतेय, पण त्या स्वरालाही वजन असतं हे मला तेव्हा दिसलं.

रेकॉर्डिंग तुम्ही लवकरच बंद केलंत, तेही बरंच झालं. रेकॉर्डिंगची लय रोज तीच असते, आमची नसते. नर्तक आठपर्यंत मोजत होते आणि आम्ही बारा-आठच्या मात्रेत, म्हणजे बारा छोट्या मात्रांचे तीन-तीनचे गट करून, चार मोठे ठोके धरत होतो. तुम्ही त्यांना मोजणं सोडून माझा गज उचलला जाताना बघायला सांगितलंत. त्यानंतर आम्ही एखाद्या स्वरावर किंचित रेंगाळलो, तरी ते आमच्याबरोबर थांबायचे.

बारीकसारीक गोष्टीही तुम्ही सोडल्या नाहीत. गजासाठी उजवीकडची जागा मोकळी. चेलो जमिनीवर टेकवायच्या टोकदार पिनेने नाचाची मॅट फाटू नये म्हणून खाली टेकण. आमच्या गजाला लावायच्या रोझिनची, म्हणजे राळेची, पूड जमिनीवर पडून पाय अडकू नये म्हणून प्रत्येक तालमीनंतर पुसणं. मी प्रेक्षकांकडे पाठ केली की आवाजाची धार बोथट होते, हे ऐकून तुम्ही एक अख्खी गिरकी बदललीत. संगीतासाठी स्वतःची आवडती हालचाल सोडणारे नृत्यदिग्दर्शक मला फारसे भेटलेले नाहीत.

मनापासून आभार, ताई. तिसरा भाग वेगवान आहे, त्यात आमच्या गजांना उसंत नसते. पण तुम्ही बसवणार असाल, तर मी पाठ करायला घेते.

तुमची,
दुसरं व्हायोलिन वाजवणारी