गच्चीवरील पत्र्यांच्या दुरुस्तीत गंजलेले खिळे नीट काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य यांस,

स.न.वि.वि.

गच्चीवरच्या शेडचे काम एकदाचे सुरू झाले, त्याबद्दल समितीचे आभार. मी शेवटच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे काम चालू असताना वर चक्कर होते. तिथे जे दिसले ते आत्ताच कानावर घालतो, कारण नवे पत्रे एकदा बसले की खाली काय राहिले ते कोणालाच दिसणार नाही.

जे खिळे सहज निघतात ते कारागीर काढतात. जे अडून बसतात ते हातोडीने आडवे करून रिपेवरच, म्हणजे पत्र्याखालच्या लाकडी पट्टीवरच, चेपतात आणि वर नवा पत्रा टाकतात. जिन्याच्या बाजूला असाच एक खिळा राहिला आहे. पत्रा तेवढ्या जागी उचललेला आहे, हात फिरवला की खालचा उंचवटा लागतो. वाऱ्याने पत्रा हलला की त्या टोकावर घासणार, जस्ताचा थर झिजणार आणि नवा पत्रा पहिला तिथेच गंजणार.

खिळा अडतो यात कारागिराचा दोष नाही. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे खिळा लाकडात फुगून बसतो. अशा खिळ्याला सरळ वर ओढले की डोके तुटून हातात येते. म्हणून त्याला आधी उलट थोडे आत ठोकायचे, एकच हलका घाव. त्याने गंजाची पकड मोडते. तरीही हलला नाही तर बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. मग हातोडीचा पंजा डोक्याखाली अडकवून, हातोडीच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवून, एकेक टप्प्याने वर घ्यायचे. ठोकळ्यामुळे जोर सरळ वर लागतो आणि हातोडीने पत्रा चेपत नाही. आपल्याकडे बरेच जुने पत्रे पुन्हा वापरायचे ठरले आहे, तेव्हा हा ठोकळा विसरून चालणार नाही.

डोके तुटलेच तर उरलेला दांडा पकडीत घट्ट धरून पिळत पिळत काढता येतो. धरायलाही काही उरले नसेल तर पत्रा आणि रीप यांच्या फटीत हॅकसॉचे पाते घालून खिळा कापावा आणि रिपेतला तुकडा लाकडाच्या पातळीखाली ठोकून द्यावा. वर टोक मात्र राहता कामा नये.

ग्राइंडर शेडमध्ये चालवू देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. काम झटपट होते हे खरे, पण ठिणग्या वाळलेल्या लाकडावर उडतात, आणि लोखंडाचे तापलेले कण पत्र्याच्या लेपात रुतून तिथे गंजाचे ठिपके उठतात. पाण्याच्या टाकीकडचे जुने सिमेंटचे पत्रे तर त्याहून काळजीचे. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे धुळीतून श्वासात जाणाऱ्या बारीक तंतूंचे खनिज, आहे असेच धरून चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. तिथे ग्राइंडर नको आणि हातोडीचे घावही नकोत. पत्रा ओला करून, खिळे खालच्या बाजूने कापून, न तोडता अख्खा उतरवावा. त्या पत्र्यांवर कोणी पाय देऊ नये, ते वजन पेलत नाहीत.

नवा खिळा जुन्याच भोकात ठोकलेलाही मी पाहिला. ते भोक गंजाने रुंद झालेले असते, तिथे काहीच घट्ट धरत नाही. शिवाय पत्रा उन्हाने लांबतो आणि गारव्याने आखडतो. ६ मीटरच्या लोखंडी पत्र्याचे तापमान ४० अंशांनी वाढले की तो जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतो. ही ओढाताण रोज चालते आणि सैल खिळा हळूहळू वर येतो. म्हणून रिपेतल्या जुन्या भोकांत लाकडी खुंटी ठोकून ती बुजवावीत आणि रबरी वॉशरचे स्क्रू नव्या जागी, पन्हळीच्या उंचवट्यावर घ्यावेत. रबर चपटे होऊन बाहेर येईल इतके आवळू नयेत, नाहीतर ते फाटते आणि पाणी तिथूनच शिरते. पत्र्यातली जुनी भोकेही सीलंटने बंद करून घ्यावीत.

काढलेले खिळे डब्यात टाकायला सांगावे. सध्या ते गच्चीभर पडतात, काही खाली पार्किंगमध्येही सापडले. तिथे मुले खेळतात. रोज काम संपल्यावर चुंबक फिरवला की सगळे गोळा होतील.

हे सगळे ठेकेदाराला तोंडी न सांगता कामाच्या पत्रात लेखी घालावे आणि शेवटचे बिल तपासणी झाल्याशिवाय देऊ नये. भर दुपारी शेडखाली उभे राहून वर पाहिले की उघडी भोके प्रकाशाच्या ठिपक्यांसारखी दिसतात, त्यावर खडूने खूण करता येते. नंतर वरून पाइपने पाणी सोडून पाहावे. जिन्याच्या बाजूचा तो पत्रा मात्र पुढचे काम होण्याआधी उचलून खिळा काढून घ्यावा. तपासणीच्या वेळी समितीसोबत वर यायला मी तयार आहे.

कळावे,
आपला,
शेवटच्या मजल्यावरील एक सभासद