दिल्या, पेढे नंतर

नागपूर,
रविवार रात्र

प्रिय दिल्या,

इतके महिने गप्प होतो, त्याच्या शिव्या नंतर घाल. बीपी-शुगर आहे तिथंच आहे. मी आजोबा झालो बे! पण पेढे वाटायची हिंमत होत नाही. चिऊ ३१व्या आठवड्यातच बाळंत झाली. पोट्टं दीड किलोचंही नाही. जन्मल्याबरोबर कण्हायला लागलं, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जायच्या. धंतोलीत एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे.

हे तुलाच लिहितो, कारण काकूंचं ते ७८ सालचं बाळ. 'दम लागून गेलं' एवढंच कानावर आलं आणि आपल्याला गच्चीवर पिटाळलं. त्यावर आपण कधी बोललो नाही. परवा डॉक्टर समजावत होते. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांना आतून एक पातळ थर लागतो. तो नसला की श्वास सोडताना त्या मिटून जातात, पुढचा श्वास पुन्हा जोर लावूनच घ्यावा लागतो. बाळ थकतं. हा थर आता औषध म्हणून नळीतून थेट फुप्फुसात सोडतात. जपानात पहिल्यांदा दहा बाळांना दिल्याचं छापून आलं ते १९८०ला. मी साल ऐकलं आणि गप्पच बसलो. औषध गाईच्या नाहीतर डुकराच्या फुप्फुसातून काढतात. आपल्याला कोणतं दिलं, ते आत्याला सांगायचं नाही असं घरात ठरलंय.

माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. वेळेआधी कळा आल्या की बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्साची चार इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी. चिऊची दोनच झाली. रात्री पोट दुखायला लागलं तेव्हा जावई निघू म्हणत होता, विहीणबाई म्हणाल्या, गॅस असेल, सकाळी बघू. डॉक्टर म्हणतात, अर्धवट कोर्सचाही उपयोग होतो. पण मी रोज रात्री त्या वाया गेलेल्या तासांचा हिशेब मांडतो आणि सकाळी विहीणबाईंना हसून चहा देतो. तू म्हणशील, नंद्याला हिशेबच सुचणार. बुटीबोरीच्या प्लॉटवरून हेच बोलला होतास. तो प्लॉट घ्यायलाच पाहिजे होता, हे मी आजही म्हणतो.

सध्या नाकात सीपॅप आहे, म्हणजे दाबाने हवा देणारी नळी. त्या हवेतला ऑक्सिजन ४० टक्क्यांवरून २८वर आलाय. स्क्रीनवर रक्तातला ऑक्सिजन ९८ दिसला की मी खूश, आणि सिस्टर येऊन ऑक्सिजन कमी करून जाते. काहून म्हटलं, तर म्हणाली, ९० ते ९५ पुरे, जास्त झालं तर डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो. डोळे तपासायचेच आहेत पुढे. मधेच पठ्ठ्या श्वास घ्यायचाच विसरतो. मशीन बोंबलतं, सिस्टर तळव्याला टिचकी मारते, की पुन्हा सुरू. त्यासाठी कॅफिनही चालू आहे. आपल्या घराण्यात चहाआधी कॉफी घेणारा हाच पहिला.

आता खरी भीती जंतुसंसर्गाची. तू जिला हसायचास ती पुखराजाची अंगठी साबण लावून काढली, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत. चिऊ दर दोन-तीन तासांनी दूध काढते, ते थेंब-थेंब नळीतून जातं. जरा स्थिर झाला की तिच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून ठेवणार आहेत.

वहिनींचा गुडघा कसा आहे? बंटीचं कॅनडाचं झालं का? कळव.

आणि काकूंना सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगितलंसच तर आठवडे आणि वजन सांगू नको.

तुझा,
नंद्या