नैसर्गिक बाटल्या आणि भाचीची कॅप्सूल

महोदय,

माझ्या भाचीला सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसे आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण एखादी ‘नैसर्गिक’ बाटली पुढे करतो. ती मात्र आधी पाचक विकरांची (एन्झाइमची) कॅप्सूल गिळते, मगच ताटाला हात लावते. पपई-अननसातले विकर प्रथिने पचवतात. हिची मुख्य अडचण स्निग्ध पदार्थ पचवण्याची, तिथे ते पचवणारे लायपेज हे विकरच हवे. हळदीतल्या कर्क्युमिनने २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात आशा दाखवली, पण इतर संशोधकांना तो परिणाम मिळाला नाही. ‘झाडपाल्याने काय बिघडतंय?’ म्हणे! सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती आयव्हाकॅफ्टर या सिस्टिक फायब्रोसिसवरच्या औषधाचे रक्तातले प्रमाण घटवते. बाटली जरूर आणा, पण झाकण उघडण्याआधी लेबल तिच्या डॉक्टरांना दाखवू द्या.

— एक मामा