ईमेलची मराठी विषयओळ मराठीतच पोहोचवणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने आपल्या आभाराचा ठराव मंजूर केला आहे. परंतु आपण केलेल्या मदतीचे स्वरूप ठरावाच्या दोन ओळींत मावणारे नाही, म्हणून कार्यवाह या नात्याने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव छापू नये ही आपली इच्छा अर्थातच पाळली आहे.

वाचनालयाचे अनेक सभासद नोकरीधंद्यानिमित्त गावाबाहेर आणि काही आखाती देशांत असतात. त्यांना वार्षिक सभेचे निमंत्रण, नव्या पुस्तकांची यादी, दिवाळी अंकांच्या योजनेची सूचना हे सारे ईमेलने जाते. पत्राचा मजकूर बहुतेकांना नीट दिसत असे, पण विषयाची ओळ आणि पाठवणाऱ्याचे नाव मात्र कोणाकडे निरर्थक रोमन अक्षरांच्या माळेसारखे, कोणाकडे प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखे उमटत असे, आणि कित्येकांनी ती पत्रे फसवी समजून न उघडताच काढून टाकली. ज्यांना ज्यांना आम्ही विचारले, त्यांनी एकच सल्ला दिला: विषय इंग्रजीत लिहा, निदान रोमन लिपीत तरी. तसे न करता हा प्रश्न सोडवता येतो, असे सांगणाऱ्या आपण पहिल्या होता. आपले वाक्य आमच्या सर्वांच्या लक्षात राहिले आहे (हेडर म्हणजे ईमेलच्या वरच्या, विषय आणि पाठवणारा सांगणाऱ्या ओळी): “देवनागरी हेडरमध्ये कशी पाठवायची याचा नियम १९९६ सालापासून लिहिलेला आहे, तो पाळला जात नसेल तर नियम पाळायला लावू, भाषा कशाला बदलायची?”

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आपण आम्हाला दोष ओळखायला शिकवले, आणि त्याचा उपयोग आम्हाला कायम होणार आहे. ईमेलच्या हेडरची मूळ रचना १९८२ साली ठरली तेव्हा त्यात केवळ सात बिटांची इंग्रजी अक्षरे, अंक आणि काही चिन्हे धरली होती. ती रचना न मोडता इतर लिप्यांना वाट करून देण्याची रीत कीथ मूर यांनी १९९२ साली मांडली आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये ती आरएफसी २०४७ या दस्तऐवजात (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारी क्रमांकित दस्तऐवजांची मालिका) आजच्या रूपात आली. त्या रीतीनुसार मराठी शब्द जसाच्या तसा न जाता =? या खुणेने सुरू होऊन ?= या खुणेने संपणाऱ्या तुकड्यात बसवला जातो. तुकड्याच्या आरंभी कोणती संकेतप्रणाली, म्हणजे अक्षरे संगणकाच्या आकड्यांत मांडण्याची पद्धत, वापरली (आपल्या बाबतीत यूटीएफ-८) आणि ते आकडे कोणत्या पद्धतीने साध्या रोमन अक्षरांत व चिन्हांत बदलले (बी किंवा क्यू) हे लिहिलेले असते. मूर यांचे काम मला फार मोलाचे वाटते, कारण जुनी यंत्रणा बदलण्याची वाट न पाहता तिच्यातूनच जगभरच्या भाषांना त्यांनी मार्ग काढून दिला.

आपण आमच्याच एका विषयओळीवर हिशोब मांडून दाखवलात, तो इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे निमंत्रण’ हे पाहायला चार शब्द आहेत. पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सर्व स्वतंत्र मोजल्यावर युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामायिक चिन्हयादीच्या, दृष्टीने ती ३० चिन्हे आणि ३ मोकळ्या जागा होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (संगणकाच्या साठवणीची एकके) लागतात, म्हणजे एकूण ९३ बाइट झाले. क्यू पद्धतीत प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरे खाते, बी म्हणजे बेस-६४ पद्धतीत केवळ चार. एका तुकड्याची लांबी खुणांसह ७५ अक्षरांपेक्षा अधिक असू नये असा नियम असल्याने क्यूमध्ये एका तुकड्यात जेमतेम सात चिन्हे मावतात, बीमध्ये पंधरा. याच कारणाने मराठीसाठी बी निवडावी, हे आपण सांगितल्यावर त्यात वादाला जागाच उरली नाही.

दोष कोठे होता, हेही याच हिशोबातून उघड झाले. आमची सभासद-नोंदणीची प्रणाली दर ४५ बाइटांवर डोळे मिटून काप घेत होती. पहिला काप ‘सर्वसाधारण’मधल्या दुसऱ्या कान्यावर पडत होता: त्या कान्याचे दोन बाइट पहिल्या तुकड्यात आणि तिसरा दुसऱ्या तुकड्यात. प्रत्येक तुकड्यात पूर्ण चिन्हेच असली पाहिजेत, चिन्ह मध्ये तोडता कामा नये, असे आरएफसी २०४७ स्पष्ट सांगते. जे ईमेल प्रोग्राम सगळे बाइट आधी एकत्र जोडून मग वाचतात त्यांच्याकडे ही चूक झाकली जात असे, आणि जे प्रत्येक तुकडा वेगळा वाचतात त्यांच्याकडे कान्याच्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन येत. एकाच पत्राविषयी दोन सभासद परस्परविरुद्ध सांगतात आणि दोघेही खरे असतात, याचा उलगडा त्या दिवशी झाला. दुसरा काप योगायोगाने चिन्हाच्या सीमेवर, ‘निमंत्र’ आणि ‘ण’ यांच्या मध्ये येत होता. तेथे चूक पाठवणाऱ्याची नव्हती. लागोपाठच्या दोन तुकड्यांमधली मोकळी जागा दाखवताना गाळायची असते, ती काही प्रोग्राम गाळत नव्हते, म्हणून ‘निमंत्र ण’ असे दिसत होते. आता काप शब्दाच्या अखेरीस घेतला जातो आणि शब्दांमधली खरी मोकळी जागा तुकड्याच्या आतच एन्कोड होते. नियम याहून कमी मागतो, परंतु जोडाक्षरांच्या भाषेने याहून कमी काळजी घेऊ नये, हे आपले मत मला पूर्णपणे पटते.

पाठवणाऱ्याच्या नावाचा दोष निराळा होता. वाचनालयाचे नाव प्रणाली दुहेरी अवतरणचिन्हांत घालून त्याच्या आत एन्कोड केलेला तुकडा ठेवत होती, आणि अवतरणचिन्हांच्या आत असा तुकडा येऊच नये असा नियम आहे. नियम काटेकोर पाळणारे प्रोग्राम तो तुकडा न उलगडता तसाच दाखवत, म्हणजे जे प्रोग्राम बरोबर वागत होते त्यांच्याचकडे आमचे नाव वाचता येत नव्हते. दोन चिन्हे काढली आणि नाव दिसू लागले.

ताई, सर्वांत मोठे ऋण जुन्या पत्रव्यवहाराचे आहे. देणगीदारांची, लेखकांची, दुर्मिळ अंक देऊ करणाऱ्यांची अनेक वर्षांची पत्रे संग्रहात होती आणि विषयावरून शोधता येत नव्हती. आपण त्यांची प्रकारवार विभागणी करायला शिकवलेत. ज्यांत =? आणि ?= या खुणा शाबूत आहेत ती पत्रे पूर्ण उलगडतात. चार हा अंक, मग के आणि त्यापुढे एस किंवा डब्ल्यू, अशी सुरुवात असलेली चार अक्षरांची चौकडी पुन्हा पुन्हा दिसली की आत देवनागरी आहे हे खुणा पुसल्या गेल्या तरी ओळखता येते, फक्त मोकळ्या जागेनंतर हा क्रम सरकतो, ही आपली युक्ती आमच्या ग्रंथपालांनी आत्मसात केली आहे. ज्यांत रोमन ‘ए’वर तिरकी रेघ आणि चलनाचे गोल चिन्ह यांची जोडी वारंवार येते, तेथे यूटीएफ-८चे बाइट पश्चिम युरोपीय संकेतप्रणालीने वाचलेले असतात आणि तीही बहुधा परत मिळवता येतात. युनिकोड रुळण्यापूर्वी निव्वळ फॉन्टवर अवलंबून टंकलेली पत्रे त्या त्या फॉन्टच्या तक्त्यावरून बदलून घ्यावी लागली. जेथे प्रत्येक अक्षराच्या जागी साधे प्रश्नचिन्ह बसले आहे, तेथे मूळ बाइटच उरलेले नाहीत आणि तो विषय परत येणार नाही, हेही आपण स्पष्ट सांगितलेत. खोटी आशा न दाखवल्याबद्दल आभार. त्यामुळे त्या पत्रांचे विषय आतला मजकूर वाचून हाताने लिहायला आम्ही लगेच सुरुवात करू शकलो.

२०१२ साली आरएफसी ६५३२ ने यूटीएफ-८ हेडरमध्ये थेट लिहायला मुभा दिली आहे, मात्र त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने ती सोय मान्य केलेली असावी लागते. तोवर जुनी रीतच चालू ठेवावी, ही आपली सूचना आम्ही स्वीकारली आहे.

एक काम शिल्लक आहे. जोडलेल्या फाइलींच्या मराठी नावांसाठी हे तुकडे चालत नाहीत, त्यांची रीत १९९७ च्या आरएफसी २२३१ मध्ये वेगळी सांगितली आहे, असे आपण म्हणाला होता. प्रणालीतील तो भाग आमचे स्वयंसेवक आता लिहीत आहेत आणि पूर्ण झाल्यावर तपासण्यासाठी आपल्याकडे पाठवतील. शेजारच्या तालुक्यातील वाचनालयाने आपले टिपण मागितले आहे. आपली हरकत नसल्यास त्याची प्रत त्यांना देऊ. या वर्षीच्या सभेचे निमंत्रण आपल्याला आजच रवाना केले आहे, त्याचा विषय चारही शब्दांत मराठी आहे.

आपला नम्र,
कार्यवाह