थंडीच्या रात्री बाळाचे अंथरूण

निफाड

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री अडीच वाजता तुझा फोन आला, तेव्हा तुझ्या आवाजातली घबराट मला ऐकवली नाही. बाळाचे तळहात गार लागले म्हणून तू त्याला आणखी एका दुपट्यात गुंडाळलेस आणि वर आपली मोठी गोधडी घातलीस, असे सांगितलेस. ‘आधी गोधडी काढ,’ एवढेच मी त्या वेळी म्हणाले. त्यामागचे कारण नीट सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. सूनबाईला बाळाला पाजण्याच्या दोन वेळांच्या मधे झोप मिळावी म्हणून रात्रीची राखण तू अंगावर घेतली आहेस, याचा मला फार आनंद वाटतो.

तान्ह्या बाळाला आपल्यासारखे थंडीने कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांमागे आणि मानेभोवती एक निराळ्या प्रकारची चरबी असते. ती जाळून ते अंगात ऊब निर्माण करते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र आपल्यापेक्षा बरेच जास्त, आणि त्यातही डोके मोठे, म्हणून ते लवकर गारठते हे खरे; पण जादा गुंडाळले, तर अंगावरचे काढून टाकणेही त्याच्या हाती नसते, आणि लहान बाळाच्या झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूशी अतिउष्णतेचाही संबंध आढळला आहे. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, परंतु ‘थोडे जास्तच घातलेले बरे’ हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले म्हणणे तू पाळू नयेस, असे मला मनापासून वाटते.

तळहातांवरून थंडीचा अंदाज घेऊ नकोस. या वयात ते पुष्कळदा गारच असतात. आपले हात आधी चोळून ऊबदार कर आणि मग बोटांची मागची बाजू बाळाच्या पोटाला, पावलांना आणि मानेच्या मागे लाव. पोट आणि पावले दोन्ही ऊबदार असतील, तर त्याला निजू दे. पोट ऊबदार पण पावले गार असतील, तर अंगात एक पातळ झबले वाढव, पायमोजे घाल आणि लंगोट ओला नाही ना, ते पाहा, कारण ओले कापड अंगातली ऊब फार झपाट्याने खेचून घेते. पोटही गार लागले, तर मात्र कपड्यांवर कपडे चढवत बसू नकोस. सदरा काढून बाळाला आपल्या उघड्या छातीशी धर, त्याच्या पाठीवरून दुपटे घे आणि तशाच स्थितीत डॉक्टरांना फोन लाव. कोलंबियातील बोगोटा शहरात 1978 साली कमी वजनाच्या बाळांसाठी हीच रीत सुरू झाली आणि आज आपल्याकडची रुग्णालयेही ती शिकवतात. वडिलांच्या छातीची ऊबही बाळाला तेवढीच उपयोगी पडते. मान घामाने चिकट लागली किंवा केस ओले झाले, तर एक थर उतरव. थर्मामीटर काखेत लावलास, तर 97.7 ते 99.5 फॅरनहाइट हे ठीक, 100.4 किंवा त्याहून जास्त निघाले, तर दीड महिन्याच्या बाळाला सकाळपर्यंत थांबवू नये, त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.

आता शेगडीविषयी, कारण तुझ्या शेजारच्या आजींनी ती सुचवली आहे. तुझ्या वेळी आपल्याकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरला होता. द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटल्या होत्या आणि अंगणापर्यंत धूर येत होता. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून मी कोळशाची शेगडी खाटेखाली ठेवली आणि तुला कुशीत घेऊन झोपले. पहाटे जाग आली ती डोके ठणकत असल्यामुळे; उठायला गेले तर पाय लटपटत होते आणि तू, एरवी त्या वेळेला भुकेने खोली डोक्यावर घेणारा, हलवूनही डोळे उघडत नव्हतास. तुझ्या आजीने दार सताड उघडून तुला माझ्या हातातून घेतले आणि ओट्यावर नेले. थंड हवा लागल्यावर तू रडलास, ते रडणे मला आजही ऐकू येते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, रंगही नसतो. मिटलेल्या खोलीत शेगडी ठेवायची नाही, मग ती कोणीही सांगो.

दिवाणावरचे पांघरूण, मोहरीची उशी, आत्याने दिलेली मऊ खेळणी, हे सारे झोपेच्या वेळी पाळण्याबाहेर ठेव. गादी टणक असावी, चादर ताणून खोचलेली असावी, बाळ उताणे असावे. त्याच्या तोंडावर सरकेल असे काही जवळ नसावे. ऊब अंगातल्या कपड्यांनी द्यायची: सुती झबले, त्यावर फ्लॅनेलचे पूर्ण बाह्यांचे, पायमोजे, साधारणपणे तुला जेवढे थर लागतात त्याहून एक जास्त. टोपडे बाहेर नेताना आणि अंघोळीनंतर घाल, पण घरात झोपताना काढ. डोक्यातून त्याची बरीच जादा उष्णता निघते, आणि बंद गळ्याशी आवळण्याची भीतीही राहत नाही. दुपट्यात गुंडाळलेस, तर पाय सरळ बांधू नकोस, गुडघे दुमडून मांड्या फाकवता आल्या पाहिजेत, नाहीतर खुब्याला त्रास होतो. कूस वळू लागले की गुंडाळणे थांबव. अंथरूण फारच गार असेल, तर गरम पाण्याची पिशवी थोडा वेळ ठेवावी आणि बाळाला ठेवण्यापूर्वी ती काढून अंथरूण हाताने तपासावे. पाळणा खिडकीजवळून आतल्या भिंतीकडे सरकव. कालपर्यंत तो खिडकीशी होता ना?

रविवारी तुझे बाबा येतील, त्यांच्याबरोबर फ्लॅनेलची चार झबली आणि सहा जोड पायमोजे पाठवते. बंद लावलेले नाहीत, पुढे दाबाची बटणे आहेत, म्हणजे रात्री लंगोट बदलताना सारे अंग उघडे करावे लागणार नाही. नवीन कापड आहे, एकदा धुऊन उन्हात वाळव आणि मगच घाल.

तुझी आई