स्प्रिंगचे पाटे वाढवले म्हणून पिकअपची ताकद वाढत नाही

संपादक महाशय,
गोव्यातल्या डिचोली-साखळी रस्त्यावर चिऱ्यांनी (बांधकामाच्या जांभ्या दगडांनी) भरलेल्या पिकअप बघा, मागचं बूड रस्त्याला टेकायला आलेलं आणि पुढची चाकं जेमतेम जमिनीवर. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणणार, दोन पाटे जादा टाकलेत, काय होत नाही. अहो पाटे टाकल्याने गाडी थोडी कमी खाली बसते एवढंच, ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल तेच राहतात ना!

हिशेब सोपा आहे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, गाडीचं रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही असतं, वजाबाकी केली की काय भरता येतं ते कळतं. समजा एकूण २,९०० आणि रिकामं १,६५० किलो, म्हणजे राहिले १,२५०, त्यातून ड्रायव्हर-हेल्पर वजा करा, आणि एक चिरा साधारण ३० किलोचा धरला तर ३६-३७ चिऱ्यांतच विषय संपला. रेतीचं तर आणखी फसवं, हौदा अर्धा दिसतो आणि वजन टनाच्या वर गेलेलं असतं, त्यात ओली असली तर विचारूच नका. असा माल घेऊन चोर्ला घाटाचा उतार उतरायचा म्हणजे ब्रेक तापणारच.

२०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० दंड आहे, पण वजनकाट्यावर गाडी चढवतंय कोण? चिरेखाणीच्या तोंडावरच वजन करून पावती द्यायची सक्ती करा, आणि दंड नुसत्या ड्रायव्हरला नको, माल भरून देणाऱ्यालाही लावा.

— एक वाचक, डिचोली