स्प्रिंग कापण्याआधी हे वाच

पुणे
९ नोव्हेंबर

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार. जुनी मारुती झेन घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. पण त्यापुढचं 'स्प्रिंगचे दीड वेढे कापून गाडी खाली बसवतो, मग करूळ घाटात बघ कशी वळते' हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. कापू नकोस लेका.

झेनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. गाडी खाली आणली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर जातं, आणि रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा भराभर खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढलं की बॉडीला कलायला उलट जास्तच जोर मिळतो. कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते, पण त्यातला बराचसा फायदा इथेच जातो. शिवाय टाय रॉडचा, म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचा, कोन बिघडतो, मग खड्ड्यात स्टेअरिंग न फिरवताही चाकं वळायला लागतात. आणि शॉकअपला वर जायला जागा उरत नाही. भर वळणात खड्डा आला, तो बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या अडथळ्यावर, आदळला, की पुढची पकड गेलीच. दिसायला गाडी झकास दिसेल, एवढंच.

पैसे घालायचेच असतील तर आधी बुशांत, म्हणजे जोडांतल्या रबरी कड्यांत, घाल. या गाडीचा पुढचा अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) नुसता कलणं रोखत नाही, लोअर आर्मला पुढेमागे धरून ठेवायचं कामही तोच करतो. त्याच्या टोकाचे बुश गेले की ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकतं, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढेमागे कल, बदलतो आणि गाडी एका बाजूला ओढते. खाली वाकून बघ: टोकाच्या नटापाशी वॉशरच्या कडेनं रबर फाटून बाहेर आलंय का, आणि तिथला लोखंडाचा भाग घासून चकचकीत झालाय का. झाला असेल तर अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन लावायला, जायचंच नाही. ढिल्या बुशवर काढलेला कोणताही आकडा पहिल्या ब्रेकपर्यंतच खरा.

बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड धड झाले की मापं घरीच घे. सपाट जागा शोध, पाण्याच्या नळीनं लेव्हल बघ, कमी पडेल तिथे चाकाखाली फरशीचे तुकडे सरकव. हवा नेमकी भर. पुढच्या चाकांखाली दोन-दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या, मध्ये ग्रीस, म्हणजे चाकं मोकळेपणी सरकतील. चालकाच्या सीटवर तुझ्याच वजनाचं कुणीतरी बसव, नाहीतर सिमेंटचं पोतं ठेव. दोन्ही बाजूंनी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, उंचीवर नायलॉनचा दोरा ताण. तो टायरपासून मोजू नकोस, हबच्या मध्यापासून मोज, कारण पुढची आणि मागची चाकं सारख्या रुंदीवर नसतात. मग पोलादी पट्टीनं दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर बघ. त्यातला फरक म्हणजे टो, चाक पुढून आत की बाहेर वळलंय ते. १३ इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे साधारण १० मिनिटं, म्हणजे अंशाचा सहावा भाग. मागचा अॅक्सल अखंड आहे, तिथे फिरवण्यासारखं काही नाही. पण तो तिरका बसलाय का ते याच दोऱ्यावर कळतं. तिरका असेल तर पुढे कितीही मेहनत कर, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडंच राहणार.

कॅम्बरला, म्हणजे चाक वरून आत की बाहेर किती झुकलंय ते बघायला, गवंड्याचा ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत ६ मिमीच्या आसपास फरक म्हणजे १ अंश. गाडी कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेरच्या अंगाला झुकतं आणि टायरच्या बाहेरच्या खांद्यावर सगळा भार येतो. म्हणून उभ्या गाडीत चाकाचा वरचा भाग थोडा आत हवा, यालाच उणे कॅम्बर म्हणतात. स्ट्रट आणि नकल (हब धरणारा भाग) जोडणारे दोन बोल्ट ढिले करून त्यातला जेवढा खेळ मिळेल तेवढा दोन्हीकडे सारखा वापर. जास्त हवा असेल तर फिरवून कोन बदलता येणारे एक्सेंट्रिक बोल्ट मिळतात. रस्त्यावरच्या गाडीला उणे १ अंश भरपूर झाला. त्यापुढे गेलास तर घाटात मजा येईल, पण टायर आतून खाल्ले जातील, आणि तू टायर बदलायला किती टाळाटाळ करतोस ते मला माहीत आहे.

टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. लॉकनट सैल करून दोन्ही टाय रॉड सारखेच फिरव. मी शून्य ठेवीन. दोन्ही चाकं मिळून १ मिमी टो-आउट (पुढून बाहेर फाकलेली) दिलंस तर वळणात नाक चटकन आत शिरतं, पण हायवेवर गाडी भिरभिरते. तुझं जाणं-येणं बघता शून्यच बरं.

अकरमन स्टेअरिंगबद्दल विचारलंयस. वळताना आतलं चाक जास्त वळावं ही म्युनिकच्या लँकेन्स्पेर्गरची युक्ती. १८१८ साली अकरमननं तिचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, तेही घोडागाडीसाठी! स्टेअरिंग आर्म वाकवून त्यात हात घालायची तुला-मला काही गरज नाही.

आणि एक, अलाइनमेंटच्या दुकानात कागदावर सगळं हिरवं दिसलं म्हणून भुलू नकोस. इथे मी एकांकडे गेलो तर त्यांनी बुश हातानं हलवूनही पाहिले नाहीत, सरळ टो लावून पावती दिली.

एका वेळी एकच बदल कर आणि वहीत लिहून ठेव. दोऱ्याची मापं आणि टायर कुठून खाल्लेत त्याचे फोटो पाठव, मग बोलू. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अव्या